मऊ चप्पल आणि आरामाची चप्पल

या वेळच्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे: नटून जायचंय, तासन्‌तास उभं राहायचंय आणि पाय साथ देत नाहीत. सांगलीतून आलेला पहिला प्रश्न थेट अमेरिकेतला आहे. त्याला जागा जास्त लागली, पण त्यातलं बरंचसं इथल्या लग्नालाही लागू पडेल.

प्रश्न: माझ्या बहिणीची मुलगी अमेरिकेत वाढलेली, सध्या सुट्टीला आमच्याकडे आली आहे. ऑगस्टमध्ये तिकडच्या दक्षिणेतल्या एका विद्यापीठात तिचं पहिलं वर्ष सुरू होईल. त्याआधी ‘सोरॉरिटी रिक्रूटमेंट’ असते म्हणे, आठवडाभर रोज नटून हिंडायचं. तिचे तळवे सपाट आहेत आणि गेले काही महिने सकाळी उठल्यावर टाच दुखते. मारुती रोडवरून तिला मऊमऊ बेली घेऊन दिली, तर दुखणं वाढलंच. तिला शेवटच्या दिवशी हील्स हव्यात, मधल्या एका दिवशी कोल्हापुरी घालायची हौस आहे. काय घ्यावं, आणि इथून घ्यावं की तिकडे?
(एक मावशी, विश्रामबाग, सांगली)

आधी हा प्रकार काय आहे ते इतर वाचकांसाठी थोडक्यात. सोरॉरिटी म्हणजे अमेरिकन विद्यापीठांतल्या मुलींच्या संघटना. त्यांची नावं ग्रीक अक्षरांवरून असतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांची स्वतःची मोठी घरं असतात. नव्या मुली या घरांना फेऱ्याफेऱ्यांनी भेट देतात. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळी घरं, मग दोन्ही बाजूंच्या पसंतीने घरं कमी होत जातात आणि शेवटी ‘प्रेफरन्स’च्या फेरीत एक-दोनच उरतात. दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांत हे वर्ग सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या उकाड्यात चालतं. कपड्यांचा थाटही चढत जातो. सुरुवातीला टी-शर्ट आणि शॉर्ट्स, मध्ये सुती फ्रॉक, शेवटी पार्टीचा ड्रेस.

पायांच्या दृष्टीने यातली मेख अशी की सगळ्यात जास्त चाल पहिल्या दिवसांत असते आणि सगळ्यात उंच टाच शेवटच्या दिवशी. म्हणजे वेळापत्रक तुमच्या भाचीच्या बाजूचं आहे. पहिल्या फेऱ्यांना चांगले स्पोर्ट्स शूज चालतात. बहुतेक मुली तेच घालतात, तिथे नाजूक सँडलचा हट्ट करू नये. विद्यापीठाची पॅनहेलेनिक कौन्सिल, म्हणजे या संघटनांची एकत्रित समिती, प्रत्येक दिवसाचा पेहराव आधी कळवते. ते पत्रक मागून घ्या आणि त्यासमोर चपला लिहा. खरेदी त्यानंतर.

आता बेली का चावली ते. सकाळच्या पहिल्या चार पावलांना टाचेत कळ येणं, चालल्यावर कमी होणं आणि खूप वेळ उभं राहिल्यावर पुन्हा येणं, हे बहुतेक वेळा प्लांटर फॅसायटिसचं लक्षण असतं. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा जातो, तो टाचेपाशी दुखावलेला असतो. सपाट पायात उभं राहिल्यावर कमान खाली बसते आणि हा पट्टा ताणला जातो. बेलीचा तळ पातळ, मधोमध दुमडणारा, टाच जमिनीलगत, आणि पायावर धरून ठेवायला काहीच नाही. दाबल्यावर स्पंज मऊ लागतो म्हणून दुकानात ती बरी वाटते. पण तासाभरात स्पंज चेपतो आणि पाय आत कोसळतो. या दुखण्यात पाय धरून ठेवणारी चप्पल हवी, मऊपणा त्यानंतर.

दुकानात हातात घेऊन चार गोष्टी पाहा. एका हातात टाच, दुसऱ्या हातात टोक धरून बूट दुमडा: बोटं जिथे वाकतात तिथेच तो वाकायला हवा. मधोमध वाकला तर परत ठेवा. मग ओलं फडकं पिळल्यासारखा पिळा, सहज पिळला गेला तर तोही नको. टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबा, ती आत जाता कामा नये. शेवटी आतला इनसोल निघतो का पाहा. सपाट पायाला कमानीचा आधार देणारा वेगळा इनसोल लागतो आणि चिकटवलेल्या इनसोलवर तो ठेवला की टाच वर उचलली जाऊन बुटाबाहेर निसटू लागते. उथळ बुटात पूर्ण लांबीचा आधार मावतच नाही. त्यासाठी बोटांच्या मागेच संपणारे, पाऊण लांबीचे इनसोल मिळतात.

सपाट पायाबद्दल आणखी एक. तिला चवड्यांवर उभी करून मागून पाहा. चवड्यावर आल्यावर कमान दिसू लागली तर पाय लवचीक आहे, तयार इनसोलने काम भागेल. तेव्हाही सपाटच राहिला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल, तर चपलांच्या आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. मिरज हाकेच्या अंतरावर आहे.

हील्स तिला अजिबात घालता येणार नाहीत असं नाही. या दुखण्यात अगदी सपाट चपलेपेक्षा अडीच ते चार सेंटिमीटरची टाच बरेचदा सोसते, कारण पोटरीवरचा ताण थोडा सैल होतो. त्याच्या वर गेलं की वजन चवड्यावर येतं आणि एक दुखणं सोडून दुसरं लागतं. मोजायचा तो फरक: मागची उंची वजा पुढच्या तळाची जाडी. मागे ७ सेंटिमीटर आणि पुढे ३ सेंटिमीटरचा प्लॅटफॉर्म असेल, तर पायाला ४ सेंटिमीटरचीच टाच कळते. फोटोत मात्र ७ दिसते. एवढंच, की पुढचा जाड तळ वाकत नाही, त्यामुळे पायऱ्यांवर ठेच लागते आणि घोटा मुरगळायची भीती वाढते. म्हणून प्लॅटफॉर्म ३ सेंटिमीटरच्या आतच ठेवा आणि जिना चढून-उतरून पाहा.

टाचेचा आकार ब्लॉक किंवा वेज. घरांसमोर हिरवळ असते, विटांच्या वाटा असतात, आणि मुली दाराबाहेर रांगेत ताटकळत उभ्या असतात. पेन्सिल हील हिरवळीत रुतते आणि विटांच्या फटीत अडकते. घोट्याभोवती पट्टा हवाच. पट्टा नसलेली चप्पल पायात टिकवायला बोटं सतत आकसून धरावी लागतात, आणि त्या धरण्यानेच तळवा दमतो. पट्टा बकलचा असावा. नुसत्या इलॅस्टिकचा घामाने सैलावतो.

कोल्हापुरीबद्दल तुमच्या भाचीचं मन मोडायला जिवावर येतंय. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत, म्हणजे ही घरचीच वस्तू. पण कातडी तळ पूर्ण सपाट आणि कडक, कमानीला आधार नाही, मागे पट्टा नाही. टाच दुखणाऱ्या पायाला चार-पाच तास उभं राहायला ती चालणार नाही. शिवाय ऑगस्टमध्ये तिकडे दुपारी वादळी सरी येतात आणि भिजलेलं कातडं फुगून तळाची शिवण उसवते. फ्रॉकच्या दिवशी तिला हौस भागवायचीच असेल तर कोल्हापुरी पट्ट्याच्या धाटणीची, पण रबरी तळाची, तीन सेंटिमीटर वेजची आणि मागे पट्टा असलेली सँडल इथल्या दुकानांत मिळते. खरी जोडी कॅम्पसवर एरवी थोडा वेळ मिरवायला न्यावी. नवी असेल तर पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून खोबरेल लावून आठवडाभर रोज थोडा वेळ घरात घालावी, नाही तर अंगठ्याच्या बेचक्यात चावते.

इथून की तिकडे? स्पोर्ट्स शूज आणि इनसोल इथूनच घ्या, म्हणजे इनसोलची सवय व्हायला वेळ मिळेल. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज तासभर वाढवत जावं. एकदम दिवसभर घातला तर कमान आणि पोटऱ्या दुखतात आणि लोक ‘सोसला नाही’ म्हणून टाकून देतात. पार्टीची हील मात्र तिचा पाय पुढे रुंद असेल तर तिकडे घेणं सोयीचं. आपल्याकडे बायकांच्या बहुतेक चपलांना लांबीचाच नंबर असतो. तिथे बऱ्याच कंपन्या रुंदीही देतात: बायकांच्या बुटात ‘बी’ म्हणजे नेहमीची, ‘डी’ म्हणजे रुंद. नंबरात घोळ होतो तो असा: आपल्याकडचा ५ म्हणजे तिथला बायकांचा साधारण ७ आणि युरोपियन ३८. रुंदी कमी पडते म्हणून एक नंबर मोठा घेण्याची आपली जुनी खोड आहे. तसं केलं की बूट जिथे वाकतो ती जागा आणि बोटं वाकतात ती जागा जुळत नाही, टाच मागून निसटते आणि फोड येतात.

माप संध्याकाळी घ्या, पाय दिवसभरात सुजतो. कागदावर उभं करून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढा, पेन्सिल सरळ उभी धरून. मोठ्या पायाचं माप खरं. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी, म्हणजे एक-सव्वा सेंटिमीटर जागा हवी, आणि सगळ्यात लांब बोट नेहमी अंगठाच असतं असं नाही. विमानातून उतरल्याच्या दिवशी बूट घेऊ नयेत, लांबच्या प्रवासाने पाय सुजलेले असतात.

नवी हील किमान दोन आठवडे आधी घरात घालायला लागावं. आधी फरशीवर अर्धा तास, मग एक तास, मग दोन. तळ स्वच्छ राहिला तर परत करायची वाट मोकळी राहते. ऐन दिवशी सोरॉरिटीच्या घरापर्यंत स्पोर्ट्स शूजमध्ये चालत जायचं आणि रांगेत उभं राहिल्यावर हील चढवायची. बहुतेक ठिकाणी पिशव्या बाहेरच ठेवायला लावतात, त्यामुळे बदललेले बूट तिथे राहतात. त्याच पिशवीत एक इंची मायक्रोपोअर कागदी पट्टी असू द्या. जिथे घासतं हे माहीत आहे तिथे ती सकाळीच कोरड्या पायावर सुरकुती न पडू देता लावायची. जागा लाल झाल्यावर लावली तर उशीर झालेला असतो. व्हॅसलिनने घर्षण थांबतं, पण तासाभरात ते उडून जातं, आणि पट्टीच्या जागी ते लावलेलं असेल तर पट्टी चिकटत नाही.

आजपासून रिक्रूटमेंटचा आठवडा संपेपर्यंत दोन व्यायाम. अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढून दहा सेकंद धरायची, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. आणि भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा ताठ, टाच जमिनीला टेकवून पोटरी ताणायची, तीस सेकंद, तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. संध्याकाळी गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवली की ठणका उतरतो. हे करूनही पुढच्या काही आठवड्यांत फरक पडला नाही तर परत जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आठवड्याच्या तोंडावर धावपळ करून इंजेक्शन घेण्याचा विचार तिच्या मनात असेल तर तो काढून टाका. वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडने तो पट्टा तुटू शकतो, त्यामुळे तो निर्णय डॉक्टरांनी सवडीने करायचा आहे.

प्रश्न: मी एमबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी काळे, टोकदार फॉर्मल बूट घेतले, टाच दोन इंच. तासाभरात चवड्याखाली जळजळ होते, तिसऱ्या-चौथ्या बोटात मुंग्या येतात. बूट काढून बोटं चोळली की बरं वाटतं. जेलची गादी घातली, उपयोग नाही.
(एक विद्यार्थिनी, सदर बझार, सातारा)

तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधल्या नसेला बाजूची हाडं चिमटत असावीत. याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात आणि बूट काढून चोळल्यावर आराम पडणं ही त्याची ओळख. निदान डॉक्टरांनी हाताने दाबून करायचं, पण टोकदार बूट आजच बंद करा. जेलच्या गादीने बुटातली उरलीसुरली जागाही खाल्ली, म्हणून उपयोग झाला नाही.

तुम्हाला हवा तो ‘मेटॅटार्सल पॅड’, थेंबाच्या आकाराचा छोटा उंचवटा. तो दुखऱ्या जागेच्या खाली लावला तर दुखणं वाढतं, आणि बहुतेक जण तिथेच लावतात. तो दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेच्या बाजूला बसायला हवा, म्हणजे हाडं किंचित पसरतात आणि नस मोकळी होते. जागा अशी काढा: दुखऱ्या बिंदूवर लिपस्टिकचा ठिपका लावा, बुटात सावकाश पाय घालून उभ्या राहा, पाय सरळ वर काढा. इनसोलवर ठसा उमटेल. पॅडचा पुढचा काठ त्या ठशाच्या जरा मागे येईल असा आधी सेलोटेपने चिकटवा, घरात चालून पाहा, दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे करा, आणि पायाखाली गोटी आल्यासारखं वाटेनासं झालं की कायमचा चिकटवा.

बूट गोल किंवा चौकोनी टोकाचा, तीन सेंटिमीटरच्या आतल्या टाचेचा, वरून पट्टा असलेला. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना पॉलिश दिसतं, टोक किती निमुळतं आहे हे कोणी मोजत नाही. साताऱ्यात एक अडचण वेगळी आहे. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे काय किंवा कुठल्याही बोळातून काय, गाव चढ-उताराचं. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटं टोकात कोंबली जातात. त्यामुळे नवा बूट दुकानातल्या गालिच्यावर पाहू नका, बाहेर उतारावर चार पावलं उतरून पाहायची परवानगी मागा. बोटं पुढे टेकली तर तो बूट नको.

प्रश्न: डिसेंबरमध्ये लग्न आहे. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, कुठलीही सँडल तिथेच लागते. रिसेप्शनला काय घालू?
(इस्लामपूर, जि. सांगली)

विधींना अनवाणीच बसायचंय, तेव्हा प्रश्न रिसेप्शनच्या तीन-चार तासांचा. हाडाच्या उंचवट्यावर शिवण, खडा, जरीची कड किंवा पट्ट्याचा काठ, यातलं काहीही यायला नको. पट्टा एक तर त्याच्या मागून जावा किंवा उंचवटा पूर्ण झाकणारा रुंद, मऊ असावा. दोन पट्टे एकमेकांना छेदणारी नक्षी असेल तर छेद नेमका तिथेच येतो, पाहून घ्या.

खऱ्या कातड्याची सँडल असेल तर बूट दुरुस्त करणाऱ्याकडे लाकडी फर्मा लावून ती तेवढ्याच जागी ताणून घेता येते. एक-दोन रात्री लागतात. रेक्झिन ताणलं तर दोन दिवसांत मूळ मापाला येतं किंवा चिरतं. त्यामुळे घेण्याआधी कडेचा कापलेला भाग पाहा: कातड्याची कड तंतुमय दिसते, रेक्झिनच्या मागे कापडाची वीण दिसते.

चपला आधी, साडीचा फॉल आणि घागऱ्याची उंची नंतर. हा क्रम उलटा झाला की तीन इंचांच्या टाचेला बांधून घेतल्यासारखं होतं, कारण खालची चप्पल घातली तर काठ जमिनीवर लोळतो. स्टेजवर गालिच्याखाली प्लायवूड असतं, त्यात बारीक टाच डगमगते. ब्लॉक हील घ्या आणि आहेर घेणाऱ्या मंडळींची रांग लांबली की बसून घ्या, नवरीला कोणी उठवत नाही.

प्रश्न: आईला बारा वर्षं मधुमेह आहे. नातवाच्या मुंजीत तिला भरतकामाची मोजडी घालायची आहे. पाय बधिर असतात, ‘मला काही टोचत नाही’ म्हणते. घालू द्यावी का?
(कऱ्हाड)

टोचत नाही, हीच काळजीची गोष्ट आहे. बधिर पायाला जखम कळत नाही आणि मोजडीच्या आतून भरतकामाचे टाके, गाठी आणि तारा मोकळ्या असतात. मोजडी नको. पुढून रुंद, आतून शिवण नसलेली, वेल्क्रोची बंद चप्पल घ्या, आणि नंबर ‘कसं वाटतं’ यावर ठरवू नका, कागदावरच्या बाह्यरेषेवर ठरवा. ती रेषा कापून बुटात सरकवली तर कडेने मुडपता कामा नये. रंग सोनेरी किंवा मरून मिळतो, साडीखाली शोभतो.

नवी चप्पल पहिल्या दिवशी एक तासच. काढल्यावर तुम्ही स्वतः तळवे, बोटांच्या बेचक्या आणि टाचा पाहा, लाली वीस मिनिटांत गेली नाही तर ती जोडी बाद. मुंजीच्या दिवशी चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा, अक्षता काही नाही ना ते बघा, आणि मांडवात अनवाणी किंवा नुसत्या पायमोज्यांवर फिरू देऊ नका. फोड किंवा कुरूप दिसलं तर घरी ब्लेड लावू नका, मेडिकलमधली कुरुपाची पट्टीही नको, तिच्यातल्या आम्लाने अशा पायाला जखम होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्या.